कोरडी वाफ

पेटीवर सील होतं : उघडल्यास हमी रद्द.
म्हणून पेटी उघडली नाही.
नळी तेवढी बाहेर ओढली
आणि रबाळ्याच्या शेडमध्ये, रात्री साडेअकराला,
शेजारचा प्रेस थांबून व्होल्टेज जरा माणसात आल्यावर
मोजायला बसलो.

आम्ही पाच जण, साडेसात लाख.
विकणारा म्हणाला होता, एक युनिट घाला, तीन काढा,
पटत नसेल तर स्वतः मोजा.
शेवटचं वाक्य मला आवडलं होतं.
चोर असं कशाला म्हणेल?

मीटर माझा. एकतीस वर्षं वीज मंडळात
लोकांच्या मीटरवर संशय घेण्यात गेली.
काटा मंदा मोकलचा, दिवा कोळीवाड्यातला,
पारड्याला जिताड्याचे खवले चिकटलेले.
थर्मामीटर तबस्सुम मुकरीच्या लॉन्ड्रीतला.
बादली ब्लेझची.
वही सुधन्वाची. रकाने त्याने घरूनच आखून आणले होते
आणि शेवटच्या रकान्यात
पेन्सिलीने, पुसट, एक तीन.

पहिल्या तासाला आकडा आला : दोन पूर्णांक नऊ.
कुणी ओरडलं नाही.
ब्लेझने चहा सांगितला, पैसेही त्यानेच दिले.

मग मंदा नळीपाशी उकिडवी बसली.
कोरडी वाफ तोंडाशी दिसत नाही, हे मला पुस्तकातून माहीत.
तिला कुठून माहीत, विचारलं नाही.
नळी खाली वाकव, म्हणाली.
वाकवली.
पाणी पडलं.
उकळतं पाणी, वाफेच्या भावाने हिशेबात धरलेलं.
"ह्ये त बरफासकट म्हावरा जोखल्यासारका झाला," ती म्हणाली
आणि पदराला हात पुसले.

मग नळी बादलीत बुडवली. बादली काट्यावर.
आधीचं वजन, नंतरचं वजन,
चढलेला पारा, फिरलेले आकडे.
रुपयातले शहाण्णव पैसे बादलीत सापडले.
उरलेले चार शेडमध्ये सांडले असावेत.
डिसेंबर होता,
आम्ही केव्हापासून पेटीकडे तळवे करून बसलो होतो.

सुधन्वाने तीन खोडला नाही.
त्याच्या बाजूला शून्य पूर्णांक शहाण्णव लिहिलं, शाईने,
खाली चौघांच्या सह्या.

तबस्सुमने सही केली नाही.
नवऱ्याच्या फंडाचे दोन लाख तिचे.
तिने बादली मोरीत रिकामी केली,
नळाखाली धरली,
भरेपर्यंत आमच्याकडे पाठ.
मग म्हणाली, काटा शून्यावर आणा.

आणला.