औटकी

पोवई नाक्यामागच्या बोळात मुबारक आतारांचं दुकान.
पुढे छत्र्या, सुतळी, उंदरांचे पिंजरे.
मागे, विचारलं तरच, गळ.

काचेवर त्यांनी तीन रिळं ठेवली :
पिवळं, शेवाळी, काळं.
"पिवळी तरंगते. मे महिन्यात तिचा उपयोग नाही,
वरचं पाणी तापलं की खडस खाली जातो.
काळीच्या पोटात जडपणा भरलाय, सोडली की तळ."
"आणि ही?"
"ही सावकाश. एका मोजणीला साडेतीन बोटं."

मी काळी घेतली.
मला शेवटच्या गाडीची घाई होती,
आणि घाईत माणूस जड तेच उचलतो.

बामणोलीला बावीस वर्षं लाँच चालवतो मी.
लोक विचारतात, खाली देऊळ आहे का हो?
आहे म्हणतो. फोटो काढतात पाण्याचा.
ही काठी इचलकरंजीच्या एका दातांच्या डॉक्टरांची,
खांदा निकामी झाला म्हणून देऊन गेले,
सोबत डबीभर माश्या, कोंबड्याच्या पिसांच्या.
माशीनं मासा धरायचा :
आमच्या भोईवाड्यात अजून हसतात.

काळी दोरी सांगितल्यासारखी गेली. सरळ तळाला.
तळाला जांभळीची जुनी खोडं,
एकीनं धरली ती सोडेना.
ओढली, ढिली दिली, होडी फिरवून उलटी ओढली.
शेवटी कोयती.

प्रणाली समोरच्या फळीवर बसून बघत होती.
मार्चमध्ये ती कराडच्या हॉस्टेलातून
ट्रंक घेऊन परत आली.
तेव्हापासून हो, नाही, जेवले.
पहिल्याच रात्री मी विचारलं होतं, काय झालं,
ताटात भात पडायच्या आत.
ती उठून गेली.
भात तसाच राहिला.

पुन्हा सातारा. आतारांनी काहीच विचारलं नाही,
उरलेली काळी परत घेतली, चाळीस रुपये कापले,
शेवाळी कागदात गुंडाळली.

आता मोजणं आलं.
डॉक्टर इंग्रजीत मोजायचे, मध्येच हत्ती घालून,
म्हणजे घाई होत नाही म्हणे.
मला हत्तीची गरज नव्हती.
साडेतीन बोटांना औटकी आहेच :
एक औट साडेतीन, बे औट सात.
पाढा म्हणायचा, आकडा तीच खोली.
सहा वेळा औटकी म्हणजे दोनशे दहा बोटं,
पावणेनऊ हात.
तिथं कड्याच्या सावलीत खडस उभा असतो,
तळाशी नाही, वरही नाही,
मधेच कुठेतरी, पाण्याला तोंड करून.

औटकी शाळेत कुणी शिकवत नाही आता.
मीच शिकवली होती हिला लाँचवर,
आमच्या धक्क्यापासून शाळेच्या धक्क्यापर्यंत
अडीचकी आणि औटकी, दोन पाढ्यांचं पाणी.

सकाळी धुकं नव्हतं, वारा नव्हता.
दोरी सोडली. ती जायची घाई करत नव्हती,
आधी नुसती ओली झाली,
मग रंग गेला, मग तीच गेली.
मी पुटपुटत होतो. एक फेरी. दुसरी.
पलीकडच्या काठावर कुणाचं तरी कुत्रं पाणी पीत होतं.
तिसरी, चौथी.
पाचव्या फेरीत जीभ घसरली :
सहा औट एकवीस, सात औट चोवीस,

"साडेचोवीस."

मी मान वर केली नाही.
मान वर केली तर दोरी हलते.

"साडेचोवीस," मी म्हणालो.
"आठ औट?"
"अठ्ठावीस," ती म्हणाली. "नऊ औट साडेएकतीस."
आवाज जरा खरखरीत,
महिनाभर बंद असलेल्या इंजिनासारखा.

दहा औट पस्तीस आम्ही दोघांनी म्हटलं.
सहावी फेरी तिनं एकटीनं.

मासा लागला नाही.
दोरी हळूहळू ओढत आणली,
माशीवर शेवाळाची एक तार.
ती तिनं नखानं काढली
आणि माशी पुन्हा पाण्यात टाकत विचारलं,
"बाबा, सातव्या फेरीला काय असतं?"

मला माहीत नव्हतं.
म्हटलं, मोज.