घसारा

मी नुकसान मोजतो. अकरा वर्षं झाली.
मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, लेक सुपीरियरच्या काठी,
जिथं एप्रिलातही फावड्यानं दार मोकळं करावं लागतं,
तिथं लेम्पी हौताला यांची सॉना जळाली,
आणि सॉनाला लागून होती म्हणून घराची मागची बाजूही:
स्वयंपाकघर, कोठीची खोली,
शिवणयंत्राचा कोपरा.

बाई एकोणऐंशीच्या.
शेजाऱ्यांच्या टेबलाशी, कोट न काढता बसलेल्या.
मी फॉर्म पुढं सरकवला: वस्तू, वय, तेव्हाची किंमत, आजची किंमत.
"फ्रिजचं वय विचारतोस?" त्या म्हणाल्या.

मग मी नेहमीचं सांगू लागलो.
हे पाहा, फ्रिज एकच, पण त्याच्या किमती दोन.
एक, जळाला त्या दिवशी तो कितीचा होता:
चौदा वर्षांचा, दाराचं रबर सैल, म्हणजे जवळजवळ फुकटाचा.
दुसरी, तसाच फ्रिज आज दुकानातून आणायचा तर किती पडेल.
साध्या पॉलिसीत पहिली मिळते.
तुमच्या पॉलिसीत दुसरी.
मधल्या फरकाला आम्ही घसारा म्हणतो.

"वर्षाला सत्त्याण्णव डॉलर जास्तीचे," त्या म्हणाल्या.
"वाइनो दर जानेवारीत कुरकुरायचा,
जुन्याला नव्याचा भाव कोण देतं, वेडे."

जुनं ते सोनं म्हणणारे
कधी विमा कंपनीत कामाला नसतात.

पण एक गोम आहे,
ती मी पाण्याचा घोट घेऊन सांगतो.
पैसे दोनदा येतात.
आधी, घसारा वजा करून.
उरलेले, तुम्ही खरंच बांधलंत, खरंच विकत घेतलंत,
बिलं दाखवलीत, की मग.
मुदत दोन वर्षं.
"आणि नाही बांधलं तर?"
तर घसारा आमच्याकडेच राहतो.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फात एक काळा चौकोन.
एकोणऐंशी अधिक दोन,
ही बेरीज आम्ही दोघांनीही केली,
मोठ्यानं कुणी म्हटली नाही.

मग बाकं लिहिली.
सीडरच्या फळ्या, एकाहत्तर साली वाइनोनं स्वतः रंधा मारलेल्या.
वरच्या बाकाला, भिंतीकडच्या टोकाला, एक खळगा होता,
एकाच माणसाच्या बसण्यानं पडलेला.
आमच्या तक्त्यात खळगा म्हणजे झीज,
आगीच्या आधीची, आणि म्हणून वजावट.
मी टक्केवारी लिहिली.
पेन चालत होतं, म्हणून लिहिली.

शेवटी भट्टीवरचे दगड,
सरोवराच्या काठावरून वेचलेले, काळे, गोल.
आगीतून तेवढेच शाबूत राहिलेले.
"वय?" मी सवयीनं विचारलं.
बाई पहिल्यांदा हसल्या.
"लिही, शंभर कोटी वर्षं.
आता काढ घसारा."

तो रकाना मी कोरा सोडला.
ऑफिसात मला त्याबद्दल दोनदा विचारलं गेलं.

दुसऱ्या वर्षी, मुदतीला तीन आठवडे उरले असताना
पाकीट आलं.
फळ्या, खिळे, लोखंडी भट्टी, दोन बिजागऱ्या,
सुताराचे नऊ दिवस, एक लाकडी बादली.
स्वयंपाकघर निम्म्यानं लहान.
कोठीची खोली बांधलीच नाही,
तिचा घसारा आम्ही ठेवून घेतला.
शिवणयंत्राचं बिलही कुठं दिसलं नाही.

सोबत चिठ्ठी, अक्षर तिरकं:
"बाक फार सपाट झालंय. बसलं की घसरायला होतं.
रोज संध्याकाळी थोडं थोडं झिजवते आहे.
दगडांचं बिल नाही. तेच आहेत."

मी रक्कम मंजूर केली,
बादलीचे अकरा डॉलर सोडून.
जुनी प्लास्टिकची होती, नवी लाकडाची,
आणि नियमात लिहिलंय: तशीच, त्याच प्रतीची.

बाकीचं सगळं मी विसरलो असतो बहुतेक.
ते अकरा डॉलर तेवढे
अजून कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.