लगमान कधी ओढायचं

भिंतीवर घड्याळ आहे. मी ते बघत नाही.
झारकेंतच्या या रस्त्यावर, सीमेपासून तीसेक किलोमीटर आत,
माझी वेळ चढावरून येते.

पायथ्याशी कमाझ गिअर टाकतो
तेव्हा अर्धं गाव खोकतं.
आठ सिलिंडर, चार इकडे तोंड करून, चार तिकडे,
कालच भांडण झाल्यासारखे.
कमाझ म्हणजे वीस मिनिटं:
कणीक घ्यावी, तेल लावावं, निवांत वळ्या घालाव्यात,
तोवर ते धूड टेकाडावरच धापा टाकत असतं.

तुर्सुनचा होता असाच एक.
जानेवारीत, उणे एकतीसला, तो पहाटे
ऑइलच्या भांड्याखाली शेगडी सरकवायचा
आणि इंजिनाशी बोलत बसायचा.
माझ्याशी बोलला नसेल इतकं.
मग एकदम काळा ढग,
आणि दोरीवरचं माझं सगळं धुणं काळं.
फार शिव्या दिल्यात मी त्या इंजिनाला.
आता देत नाही.

लिथुआनियाहून येतात ते सहावाले.
एका रांगेत सहा, हजेरीला उभ्या पोरांसारखे.
गिअर आपले आपणच बदलतात,
ड्रायव्हरचा डावा पाय नुसता बसून, जावयासारखा.
डिझेलशेजारी यांना आणखी एक टाकी, निळ्या झाकणाची.
झिग्मास म्हणतो, यातलं पाणी धूर धुवायला.
धूर धुतात!
मी चादरी धुते.
यांना बारा मिनिटं पुरतात.

चिनी गॅसवाले तर इतके झाले
की मी मोजणं सोडलं.
केबिनमागे रांजण, नळ्यांवर भर उन्हाळ्यात हिम.
आवाज डिझेलचाच,
पण कुणी तोंडावर उशी दाबल्यासारखा.
थांबताना एक सुस्कारा. नऊ मिनिटं.
समोरच्या गॅरेजातला अखमेतजान म्हणतो,
सुटे भाग येईनात, म्हणून आता
कमाझच्या पोटातही चिनी इंजिन बसवतोय.
म्हणजे अंग ओळखीचं आणि खोकला परका.
मागच्या मंगळवारी अशाच एकाने मला फसवलं,
लगमान गार झालं.

आणि परवा.
कोपरापर्यंत पीठ, चढ गप्प,
मी रिकामा रस्ता ऐकत उभी,
तर दार वाजलं.

एक पोरगी. पंचविशीची असेल. मा शुलान.
मोडक्या उइगुरमध्ये म्हणाली, जेवण मिळेल?
मागे अंगणात चाळीस टन उभे होते
आणि कोंबड्या त्याच्या चाकांशी दाणे टिपत होत्या.
एकही उडाली नव्हती.

इंजिन कुठंय, मी विचारलं.
तिने कपाटाएवढ्या पेट्या दाखवल्या, केबिनच्या पाठीमागे.
नुसती बॅटरीच काही टन, म्हणाली,
तेवढा माल कमी भरावा लागतो.
आणि हिवाळ्यात?
हिवाळ्यात, ती जरा ओशाळली,
हिवाळ्यात निम्म्यावरच दमतो.
म्हणजे थंडी यालाही वाजते.
का कोण जाणे, मला बरं वाटलं.

लगमान तयार नव्हतं. तिला बसावं लागलं.
तीस वर्षांत पहिल्यांदाच
माझ्या दारात कुणी वाट पाहत होतं.
मी गोळा घेतला, ओढला, दुहेरी केला,
फळीवर आपटला, पुन्हा ओढला, पुन्हा आपटला.
मान वर केली तर तिने
फोन कणकेसमोर धरलेला.
फोटो काढतेस?
नाही, म्हणाली, आवाज घेतेय.
केबिनमध्ये फार शांत असतं.

मी दोन फटके जास्तच मारले.