माया

कागदावर चाळीस बाय साठ.
जागेवर साडेअडतीस.
पटवारी सिसोदियाजींनी साखळी तीनदा ओढली,
तिसऱ्या वेळी तर एक टोक मीच धरलं होतं.
दीड फूट कुठेच नव्हता.

म्हणाले, पक्कं मोजायचं तर आधी चांदा शोधावा लागेल,
चांदा म्हणजे मोजणीचा मूळ दगड.
तो बहुतेक रस्त्याखाली गेला असणार,
नाहीतर पोहे-जलेबीवाल्याच्या भट्टीखाली.
लोक म्हणतात, चांद्यापासून बांद्यापर्यंत.
आम्ही इंदूरचे,
आमचा बांदा नाहीच
आणि चांद्यावर जलेबी तळतात.

एकतीस वर्षं रामबागेत भाड्यानं काढली.
दोन खोल्या, खिडकीशी मशीन.
हद्दीचा प्रश्न आला तो एवढाच
की दोरीवर कोणाची चादर कुठपर्यंत.
माझी टेप पहिल्या इंचाला तुटलेली,
दर मापातून मी मनातल्या मनात एक वजा करते.
तेव्हा दीड फूट म्हणजे किती
हे मला वकिलांनी समजावू नये.
अठरा इंच. निनादच्या शर्टाचा खांदा.
तेवढ्या पट्टीत माझा मुलगा
भिंतीला पाठ लावून उभा राहील,
चालू शकणार नाही.

मग मुंगीकाका, घर विकणारे,
चष्मा पुसत पुसत बोलले.
शेजारच्या भेरूलालला जिना काढायचा होता,
चौऱ्याण्णव साली.
वर मुलाचं लग्न होऊन खोली झाली होती,
जागा पुरत नव्हती.
मी म्हटलं, घे रे.
लिहायचं काय त्यात?

लिहायचं काय त्यात!
ह्यांनी कपाळाला हात लावला.
भाव तीन हजार रुपये फूट,
दीड गुणिले साठ, नव्वद,
दोन लाख सत्तर हजारांचं "घे रे".

भेरूलाल मुकाती जिन्यावरच बसलेला होता.
बाप गंगारामनं हे सगळं शेत पावलांनी मोजून विकलं,
असं सांगत होता.
"बाई, पाँव तो छोटा-बड़ा होय."
त्याच्या जिन्याची रुंदी तीन फूट.
म्हणजे वर चढताना
त्याचा उजवा पाय त्याच्या जागेत
आणि डावा माझ्या.
रोज. पंचवीस-तीस वर्षं. गुडघे दुखत असताना.

वकील म्हणाले, दावा लावू, जिना पडेल.
किती वर्षांनी ते नाही म्हणाले.

शिवणकामात आम्ही आत थोडं कापड राखतो,
दिसत नाही, पण बाई भरली की उसवून सैल करता येतं.
त्याला माया म्हणतात.
माया न सोडता शिवणारा शिंपी
पहिल्याच वर्षी उघडा पडतो.
मुंगीकाकांनी सोडली होती,
फक्त ती कागदाच्या आत नव्हती,
आणि आता फाटत होता तो माझा कागद.

मी म्हटलं, आहे तेवढंच लिहा.
साडेअडतीस. भावही तेवढ्याचाच.
मुंगीकाका दोन दिवस बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी दीड लाख उतरले.
बाकीचे एक लाख वीस
बहुधा माझ्या मायेत धरायचे.

रजिस्ट्रीत चतुःसीमा वाचल्या.
उत्तरेस रस्ता. दक्षिणेस नाला.
पूर्वेस भेरूलाल वल्द गंगाराम मुकाती यांचे घर.
तेव्हा सुचलं,
उद्या त्याच्या कागदात पश्चिमेस माझं नाव येईल.
आजवर मी कोणाची बायको, कोणाची भाडेकरू,
कोणाची ब्लाउजवाली.
दिशा कोणाचीच नव्हते.

वाटलं होतं, आता बरं वाटेल.
तसं वाटतंही, बऱ्याचदा.
भेरूलाल संध्याकाळी तिसऱ्या पायरीवर लसूण सोलतो,
साली वाऱ्यानं आमच्याकडे येतात.
मी झाडते.
कधी कचऱ्याच्या डब्यात भरते,
कधी, कोणी बघत नसेल तर,
सरळ पूर्वेला लोटते.