खारीचा वाटा

माणशी दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलो.
हेरंबने वजनकाटा हॉलमध्येच मांडून ठेवलाय.
त्यावर चढतात गोडा मसाला, कुकर, शाल्मलीचे घुंगरू,
उतरतात पुस्तकं.
एका संध्याकाळी घरात कुणी नसताना
मी खारीला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले
आणि मग त्यातून मला वजा केलं.
चौदा किलो सहाशे.
मागच्या दिवाळीत सतरा होती.

सहकारनगरातल्या बेकरीच्या पायरीवर सापडली तेव्हा
ओंजळीत मावत होती,
मिशांना खारीचे पापुद्रे.
त्याला तेरा वर्षं झाली.
आता डाव्या डोळ्यात दुधी काच,
कान नुसते शोभेचे.
तळजाईची टेकडी उतरत उतरत
सोसायटीच्या फाटकाजवळ आलीय, तिसऱ्या खांबापाशी.
तिथे ती थांबते, मान वर करून हुंगते,
आणि टेकडी झाली असं समजून वळते.

डॉक्टर सुरनीस म्हणाल्या, चिप बसवू,
रक्त तपासायला बाहेर पाठवू, मग तीन महिने थांबायचं.
कागद होतील हो.
हृदयाचं मात्र मी लिहून देणार नाही.
विमानाच्या पोटात नऊ तास, अंधार, आवाज.
ती उतरेल, किंवा.
मग नळी गुंडाळत, टेबलाकडे बघत,
काही जण निघायच्या आधीच...
आणि वाक्य तिथेच ठेवलं,
जशी कुणी शेजारी किल्ली ठेवतं.
मी ते उचललं नाही.
पण कुठे ठेवलंय ते मला ठाऊक आहे.

मुळशीच्या रस्त्याला एक जागा पाहिली.
हिरवळ, पोहायचा हौद, म्हाताऱ्या कुत्र्यांना वेगळी खोली,
रविवारी व्हिडिओ कॉल.
मालक चांगला होता. खरंच चांगला.
मी विचारलं, वास पाठवता येतो का?
तो हसला. त्याला गंमत वाटली.

आमच्या इमारतीत सतरा घरं,
त्यातल्या नऊ घरांत नुसती म्हातारी माणसं.
संध्याकाळी बाकावर बसतात,
एका मनगटावर दोन देशांची वेळ सांभाळत.
सरपोतदार काकूंनी खारीच्या कानामागे खाजवलं,
काय ठरलं गं हिचं?
मी सगळं सांगितलं. चिप, रक्त, हृदय, मुळशी.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
मग मटार सोलता सोलता, जराही न टोचता,
"एवढा विचार आमचा कुणी केला नव्हता हो."
आणि एक दाणा खारीला दिला.

त्या रात्री हेरंब म्हणाला,
आम्ही दोघं पुढे होतो, तू मागून ये.
मागून म्हणजे कधी, ते त्याने विचारलं नाही.
मीही नाही.
व्हिसावर तारीख छापलेली असते.
खारीवर नाही.

तर असं ठरलंय. म्हणजे ठरलेलं नाहीये.
रिकाम्या घरात एक गादी, एक शेगडी, आम्ही दोघी.
मऊ भातातली गोळी ती बरोब्बर बाजूला काढते,
मी परत आत घालते.
रात्री तिचा श्वास अडखळला की मी उठून बसते,
आणि खरं सांगायचं तर
तेव्हा माझ्या आत दोघीजणी बोलतात.
एक म्हणते, थांब गं.
दुसरी म्हणते, अजून किती?
आवाज दोघींचा माझाच.

आज तिने वाटी चाटूनपुसून साफ केली.
तिसरा खांब ओलांडून चौथ्यापर्यंत गेली.
कुणाला तरी सांगावं म्हणून मी फोन काढला
आणि तिकीट पुढे ढकलायला किती पडतील ते पाहिलं.
चौथ्या खांबाशी ती उभीच होती,
वर हुंगत.
वळायचं तिच्या लक्षातच येईना.
मी दोरी सैल सोडली.