सरळ जाणारी सायकल

स्रवंती म्हणाली, तातय्या, हँडल अडकतंय.
मी म्हणालो, काही अडकत नाही,
एकतीस वर्षं हीच सायकल हाकतोय.
ती म्हणाली, तुम्ही हाकता. मी वळवते.

गुमान सायकल अंगणात घेतली.
पुढचा ब्रेक आवळून धरला,
सायकल मागंपुढं रेटली,
डाव्या हाताची दोन बोटं हँडलखालच्या सांध्यावर.
टक्.
पुन्हा रेटली. टक्.
धोट्याची पेटी सैल झाली की माग असाच बोलतो,
मोडायच्या अर्धा दिवस आधी.
मी जॉबर. मला ऐकू यायला हवं होतं.
पण चोवीस मागांच्या खडखडाटातनं घरी निघालेल्या माणसाला
सायकल मुकीच वाटते.

मग पुढचं चाक उचललं,
हँडल एका बोटानं हळू ढकललं.
ऐन मधोमध आलं, आणि बसलं.
पाळीवरनं येऊन खाटेवर बसावं तसं.

मैनोद्दीनकडनं मोठा पाना आणला.
म्हणाला, मागच्या वेळची पक्कड?
म्हणालो, देतो.

छर्रे पळू नयेत म्हणून खाली चादर अंथरली,
नापास झालेली, तीन पायांच्या मोराची.
चूक माझीच होती, पगारातनं कापून घेतलेली.
दांड्या सोडवल्या, नट काढला,
चिमटा खाली सरकला,
आणि काळ्या ग्रीससकट छर्रे मोराच्या अंगावर.
वरचे पंचवीस.
ही मांडीवरच्या सुपातनं मान न काढता म्हणाली,
म्हणजे एक कट्टा.
खालचे बावीसच निघाले.
तीन कुठल्या साली गेले, कुणास ठाऊक.

खालच्या वाटीत नख फिरवलं.
खळगा. खळगा. खळगा.
सारख्या अंतरावर, एकेका छर्र्यानं
आपापली जागा कोरून घेतलेली.
नीलम नगर ते कारखान्याचं फाटक,
फाटक ते नीलम नगर.
एकच काय ते वळण होतं,
तेही मी उतरून, हातात धरून घ्यायचो.

वाटी अर्ध्या छर्र्याइतकी फिरवून ठोकली
तर खळगे चुकतील,
अजून दहा वर्षं निघतील.
पट्टा उलटा घालून चालवायची ही जॉबरची अक्कल.
बोललो तसं.
स्रवंती म्हणाली, माझा क्लास सात रस्त्याला आहे.
एवढंच म्हणाली.
विजापूर वेशीतनं नवा सेट आणला, एकशे वीस रुपये.

जुन्या वाट्या आतनं सळई घालून पाडल्या,
एक ठोका इकडं, एक तिकडं.
नव्या बसवताना वर लाकडाचा तुकडा,
तिरकी गेली की संपलं.
उन्हानं लोखंड हाताला लागत नव्हतं,
तिनं ओढणी दोन पदरी करून धरलं.
ग्रीसमध्ये छर्रे तिनंच लावले, एकेक करून.
शेवटचा मी लावू दिला नाही.
दाटीनं भरले की फिरत नाहीत,
एकाची जागा मोकळी सोडायची.

मग खरं काम.
घट्ट केलं, हँडल जड.
सैल केलं, टक्.
वरची वाटी नेमकी लागली,
तर नट आवळताना तीच फिरली, केलेलं मोडलं.
चौथ्या खेपेला बोटांखाली काही आलं नाही.
नुसतं फिरणं.

पहिली फेरी मीच मारली.
चार घरं गेलो नाही तोवर
नागमोडी, दारूड्यासारखा,
बोळातली पोरं हसली.
मला मधलं सापडेना.
एकतीस वर्षं वाटलं, सरळ मी जातोय.

उतरलो. तिच्या हातात दिली.
आठ दिवसांनी परत कसावं लागेल, म्हणालो,
नव्या वाट्या बसायला वेळ घेतात.
ती हो म्हणाली का, कळलं नाही,
बोळाच्या तोंडाशी वळलेली होती.

पाना आठ दिवस ठेवून घेतो.
मैनोद्दीन ओरडेल.