नोंद क्रमांक एकशे बारा

चामड्याच्या म्यानात सुरी कधी ठेवू नये.
हे मला हार्लननं शिकवलं, तो गेला त्याच्या आदल्या वर्षी.
कातडं कमावताना त्यात मुरलेला अर्क
पोलाद हळूहळू खातो,
पितळेची आडपट्टी कळकते,
तिच्यावर हिरवा, मेणासारखा थर चढतो.
म्हणून म्यानं एका खणात, पाती दुसऱ्यात,
मधे तेलाचा कागद,
आणि ओहायो नदीचा दमटपणा शोषायला
जुन्या मोज्यात भरलेले तांदूळ.

माझ्याकडे एकशे अकरा होत्या.
खंदकातल्या, पॅराशूटच्या दोऱ्या कापायच्या,
एक तर अशी, की कारखान्यानं ती तीनच आठवडे घडवली
आणि मग पात्यावरचा शिक्का बदलला.
त्या शिक्क्यापायी मी ट्रक विकला.
डोरीननं विचारलं, आता दुकानात कशानं जायचं?
मी म्हणालो, चालत.
ती चालत निघाली
आणि टोलीडोला, बहिणीकडे जाऊन थांबली.

मार्चमध्ये व्हर्ना प्रूइटचा फोन आला.
क्लेटची सुरी आहे, बघायची तर बघ.
पाय पुसून ये.

ती बियाण्याचे बटाटे चिरत होती,
प्रत्येक फोडीला एक डोळा राहील असे.
आणि चिरत होती त्याच सुरीनं.
माझ्या पोटात कालवलं.
पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावर
एका मेकॅनिकनं ट्रकच्या कमानपाट्यातून काढलेलं पातं,
मूठ पडलेल्या विमानाच्या काचेची,
म्हणजे प्लास्टिकच, पण आम्ही काच म्हणतो,
मधे ॲल्युमिनियमच्या चकत्या,
एक लाल चकती, बहुधा टूथब्रशच्या दांड्याची.
अशी दुसरी नसते. प्रत्येक एकुलती एक.
आणि ही सहाणेवर पाजवून पाजवून
आठ इंचांची साडेसहावर आलेली,
पाठीपेक्षा पोट खपाटीला गेलेलं.

मुठीच्या काचेखाली एक छायाचित्र होतं,
नखाएवढं.
मी विचारलं, या तुम्ही?

तिनं बटाटा फिरवून डोळा शोधला, काप घेतला.
नाही, म्हणाली,
माझे केस असे कधी वळलेच नाहीत.

घड्याळ नव्हतं त्या स्वयंपाकघरात,
नाहीतर मी त्याच्याकडे बघितलं असतं.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात.
एका मुठीत दोन बायका राहिल्या
त्रेपन्न वर्षं,
क्लेट जिवंत असताना आणि तो गेल्यावरही.
सफरचंदं, सशाची कातडी, खोकी, दोरे,
नातवाच्या वाढदिवसाचा केक.
जिथे तो चेहरा, नेमका तिथेच
व्हर्नाचा अंगठा टेकायचा.
काच तेवढ्याच जागी धुरकटली होती,
अंड्याच्या आकारात.
केस दिसत होते, खांदा दिसत होता.

मी तिला काही केलं नाही, व्हर्ना म्हणाली.
नुसतं कामाला लावलं.

तिनं चाळीस डॉलर सांगितले, मी दोनशे दिले.
तिनं दोनदा मोजले, मग टोपलीकडे बघितलं.
अजून अर्धी बाकी आहे, आता चिरू कशानं?
मी खिशातला चाकू दिला.
अंगठ्यावर धार पाहून म्हणाली, चालेल.

रात्री वहीत लिहिलं:
पातं साडेसहा, मूळ आठ. म्यान नाही.
मूठ शाबूत, एक लाल चकती.
छायाचित्र: स्त्री, अनोळखी.
मग 'अनोळखी' खोडलं,
कारण कुणाला, ते लिहायला रकाना पुरत नव्हता.

धुरकट काच साफ करणं सोपं असतं.
फ्लॅनेलचा तुकडा, वाटाण्याएवढी टूथपेस्ट,
वीस मिनिटं, गोल गोल.
चेहरा वर येतो. किंमत तिप्पट होते.
हार्लन असता तर म्हणाला असता, घास की.

मी ट्यूब घेतली, झाकण काढलं,
दात घासले
आणि झोपलो.